पिवळ्या रंगातली चक्की

सायकलचं पंक्चर काढायला वीस मिनिटं लागतात आणि माणसाला वीस मिनिटं गप्प बसवत नाही. माझ्याकडे किस्से साठले ते एवढ्याच कारणाने. जयपुरात सांगानेरी गेटजवळ माझं सायकलींचं दुकान होतं. दुकानासमोर बाक होता, आणि त्यावर बसलेला माणूस ट्यूब पाण्यात बुडायच्या आत घरचं सांगायला लागायचा. मिरजेहून इथे आलो तेव्हा माझं शिक्षण सातवीपर्यंत झालेलं होतं. पुढचं त्या बाकाने केलं.

ऐंशीच्या दशकातले हे किस्से. बाकावर कायमचे बसणारे आम्ही मराठी माणसं दोन-तीनच, आणि शेजारचे रजईवाले रतनलालजी. पण पुष्कळशा किश्श्यांत शेवटी एक पिठाची चक्की येते, त्याला माझा इलाज नाही.

*

आमचे धारप साहेब शहराचे नकाशे करणाऱ्या सरकारी कचेरीत होते. वडील केंद्राच्या नोकरीत इथे आले आणि इथलेच झाले, त्यामुळे धारपांचं प्रत्येक मराठी वाक्य ‘मतलब’पासून सुरू व्हायचं. माणूस सरळ. इतका सरळ की स्कूटर सुद्धा वळणावर हात दाखवून मग थांबवायचे आणि मागे कोणी आहे का ते बघून मग वळायचे.

एकदा त्यांनी मालवीय नगराच्या पुढे होणाऱ्या नव्या वस्तीचा नकाशा बाकावर पसरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळा.

“मतलब, पिवळं म्हणजे घरं,” ते म्हणाले. “निळं म्हणजे दुकानं. पिवळ्यात निळं चालत नाही.”

मी विचारलं, पिवळ्यातल्या माणसाला मीठ हवं झालं तर?

“निळ्यात जाईल.”

निळं कुठे आहे ते मी शोधलं. ते नकाशात नव्हतंच. धारपांनी बोट नकाशाच्या बाहेर, बाकावर, माझ्या पानाच्या डब्यापाशी नेऊन ठेवलं. सहा किलोमीटर.

“आणि जाईल कसा?”

“ते परिवहनवाल्यांचं काम,” धारप म्हणाले, आणि नकाशा गुंडाळला.

*

त्या पिवळ्यात सगळ्यांत आधी घर बांधलं ते शिर्के सुभेदारांनी. कऱ्हाडकडचे. शेवटचं पोस्टिंग जयपूरला होतं, निवृत्त झाल्यावर इथेच प्लॉट घेतला. गावाकडे राहायला घर उरलेलं नव्हतं, हेही एक कारण.

शिर्केवहिनींचा एक नियम होता. पिशवीतलं विकतचं पीठ घरात येणार नाही. गहू आपला, निवडलेला आपण, आणि दळताना आपला माणूस चक्कीसमोर उभा. वस्तीतल्या राजस्थानी बायकांचाही नियम हाच होता, त्यामुळे वहिनींना तिथे परकं वाटलं नाही. अडचण एकच, चक्की चारदीवारीच्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात होती.

म्हणून दर रविवारी सकाळी सगळी वस्ती डबे घेऊन शहराकडे निघायची. स्कूटरवर पायांच्या मध्ये डबा. ज्यांच्याकडे मोटार होती ते मोटारीतून. दहा किलो गव्हाला हवा खायला एक अख्खी फियाट. बस होती, पण कंडक्टर डब्याचं वेगळं तिकीट मागायचा आणि उतरताना डबा खाली घ्यायच्या आत घंटी मारायचा.

एका रविवारी सुभेदारांची स्कूटर टोंक रोडवर खड्ड्यात गेली. गुडघा फुटला, डब्याचं झाकण उडालं. कोणीतरी त्यांना घरी आणून सोडलं तेव्हा ते डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरे होते. वहिनींनी दार उघडलं. आधी डबा हलवून बघितला, मग नवऱ्याकडे बघितलं.

“अर्धं आणलंय की,” त्या म्हणाल्या.

*

तो गुडघा नीट झाला नाही. पण त्यापुढचं सांगायच्या आधी सर्व्हेचं सांगायला हवं.

वस्तीतून शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर रविवारी सकाळी वाहनांची रांग लागते, हे कचेरीच्या लक्षात आलं. धारपांना फॉर्म देऊन वस्तीच्या तोंडाशी उभं केलं. प्रत्येक वाहन थांबवायचं, कुठे निघालात आणि कशासाठी हे विचारायचं. फॉर्मात चार रकाने होते: नोकरी, शिक्षण, औषधोपचार आणि अन्य.

प्रत्येकाने सांगितलं, पीठ.

धारपांनी प्रामाणिकपणे सगळं पीठ ‘अन्य’मध्ये भरलं. फॉर्म वर गेले. वरच्या साहेबांनी ते वाचून निष्कर्ष काढला की या वस्तीतले लोक सुखवस्तू असून सुट्टीच्या दिवशी फिरायला जातात. सबब, रस्ता रुंद करावा.

रस्ता खरंच रुंद झाला. दोन्ही बाजूंची कडुनिंबाची झाडं गेली. मी धारपांना म्हटलं, साहेब, एवढ्या डांबराच्या पैशात वस्तीत एक चक्की बसली असती.

पाण्यात बुडबुडे येत होते तिथे त्यांनी ट्यूबवर बोट ठेवलं. मग म्हणाले, “मतलब, चक्कीला रकाना नव्हता.”

*

गुडघ्यामुळे सुभेदारांची स्कूटर सुटली, तेव्हा वहिनींनी चक्कीच घरी आणली. गॅरेजमध्ये बसवली. विजेवर चालणारी, आवाजाला बेताची. सुभेदार पाय लांब करून स्टुलावर बसायचे आणि डब्यांना नंबर लावायचे. फौजेत तीस वर्षं लोकांना रांगेत उभं केलेला माणूस, त्यांच्या रांगेत घुसायची कोणाची टाप नव्हती. आजारी पडायच्या बेतात आलेला माणूस महिन्याभरात पुन्हा सुभेदार झाला.

वस्ती चालत यायला लागली. रविवारी रुंद रस्त्यावर गाई बसायला लागल्या.

आणि कचेरीतून नोटीस निघाली. पिवळ्यात चक्की चालत नाही, तीस दिवसांत काढा. खाली सही धारपांची. टपालाने पाठवता आली असती, पण ते म्हणाले ओळखीच्या माणसाला अशी गोष्ट टपालाने पाठवणं बरं नाही, आणि स्वतः गेले. ते सुद्धा चालत. धारपही त्याच वस्तीत राहायचे, दोन गल्ल्या सोडून.

रांगेत चौथा डबा त्यांच्याच घरचा होता. झाकणावर लाल रंगात ‘धारप’ लिहिलेलं.

वहिनींनी नोटीस हातात घेतली, शांतपणे वाचली. नोटिशीची कुणकुण लागली होती, आणि चक्की बंद झाली तर आपण इथे कशाला राहायचं, हे दोघांचं आधीच बोलून झालं होतं. फौजी काळ्या ट्रंका माळ्यावरून उतरवून ओसरीत ठेवल्या होत्या. कऱ्हाडला जाऊन भाड्याची खोली बघायची होती.

“भावजी,” वहिनी म्हणाल्या, “नोटीस तुमची, डबा तुमच्या मंडळींचा. आधी काय घेऊ?”

धारप म्हणाले, “नंबराप्रमाणे.”

*

त्याच सुमाराला मराठी मंडळींच्या हळदीकुंकवाला जोडून एका प्राध्यापकांचं व्याख्यान ठेवलं होतं. मी रतनलालजींना बरोबर नेलं, कारण व्याख्यानानंतर मसालेभात होता. प्राध्यापक म्हणाले की गाड्यांचा, कारखान्यांचा धूर आणि त्यातले वायू वर जाऊन साठतात, पृथ्वीभोवती पांघरुणासारखे बसतात, आणि खाली ऊब कोंडते. त्या दिवसांत हे कोणी ऐकलेलं नव्हतं. आम्ही सगळे गंभीर झालो.

रतनलालजींना मराठी निम्मं कळायचं, पण पांघरूण हा त्यांचा धंदा. त्यांनी हात वर केला.

“प्रोफेसर साहब, गर्मी में उतार नहीं सकते?”

नाही, प्राध्यापक म्हणाले, एकदा बसलं की पिढ्यान् पिढ्या उतरत नाही.

“तो फिर डालो ही मत,” रतनलालजी म्हणाले आणि बसले.

धारपांनी मात्र ते व्याख्यान वहीत उतरवून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चक्कीच्या फाइलवर नोंद केली: सदर चक्कीमुळे वस्तीतली वाहनं घरीच राहतात, पेट्रोल वाचतं, धूर वाचतो; असा धूर पृथ्वीच्या हवामानास अपायकारक असल्याचं समजतं; सबब नोटिशीचा फेरविचार व्हावा. नोकरीच्या इतक्या वर्षांत वरिष्ठांच्या मताविरुद्ध त्यांनी लिहिलेली ही पहिली ओळ. लिहून झाल्यावर माझ्याकडे आले आणि पंक्चर नसताना बाकावर तासभर बसले.

फाइल आठ दिवसांत परत आली. वरच्या साहेबांनी हिरव्या शाईत लिहिलं होतं, “पृथ्वी या कार्यालयाच्या हद्दीत येत नाही.”

*

तीस दिवसांतले अठरा उरले होते. धारप दुकानात आले, स्कूटर स्टँडवर लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “नाना, मतलब, मी काही सांगत नाहीये. पण नियम जमिनीच्या वापराचा आहे. जमिनीवर जे बांधलंय, रोवलंय, त्याचा. चाकांवर जे उभं असेल त्याला नकाशात रंग नाही.”

मी चाकं विकून पोट भरणारा माणूस. मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

सायकलची चाकं चक्कीखाली टिकणार नव्हती. चांदपोलला उंटगाड्या करणारा एक मिस्त्री होता. आमच्याकडच्या उंटगाड्यांना विमानाचे जुने टायर लावतात, ते कशालाच दबत नाहीत. त्याच्याकडून चार चाकांचा सांगाडा करून घेतला, वस्तीतल्या आठ जणांनी मिळून चक्की वर चढवली आणि गॅरेजच्या बाहेर, अंगणात आणून उभी केली. विजेची तार गॅरेजमधून घेतली. हातगाडीचा परवाना सुभेदारांच्या नावाने काढला. परवान्यावर विक्रीचा माल या ओळीपुढे कारकुनाने सवयीने ‘केळी’ लिहिलं होतं, ते खोडून घेतलं.

वहिनींनी टायरवर हात फिरवला. “हे विमानाचं?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. “मग आमच्या ह्यांना सांगू नका,” त्या म्हणाल्या. “त्यांना एअर फोर्सचं काही चालत नाही.”

सांगितलं नाही. ट्रंका मात्र अजून ओसरीतच होत्या.

*

तिसाव्या दिवशी वरचे साहेब स्वतः आले. हिरव्या शाईचे. मुद्दाम रविवार निवडला होता, चालू चक्की पकडायची म्हणून. जीप कचेरीपासून रुंद रस्त्याने आली, रस्त्यात फक्त गाई आडव्या होत्या. मागच्या सीटवर धारप, मांडीवर फाइल. मी आधीपासून हजर होतो, रतनलालजीही गव्हाचा डबा घेऊन आलेले. ते राहायचे चारदीवारीत, तिथल्या जुन्या चक्कीच्या शेजारी. पण असा खेळ चुकवायचा नाही म्हणून सहा किलोमीटर डबा घेऊन आले होते.

रांग गेटच्या बाहेरपर्यंत गेली होती. सुभेदारांनी साहेबांनाही नंबर दिला. साहेबांनी तो खिशात ठेवला.

वहिनींनी चक्की थांबवली नाही. बसायला म्हणून ओसरीतली एक ट्रंक पुढे ओढली. साहेब ट्रंकेवर बसले, परवाना वाचला, फाइल वाचली. मग उठून गाडीभोवती एक फेरी मारली. खाली वाकून बघितलं. चारही टायरांच्या भोवती गवत उगवलं होतं, आणि एका चाकाच्या आडोशाला मांजर निजलं होतं.

धारपांनी डोळे मिटून घेतले.

“बाईजी,” साहेब म्हणाले, “आप कहती हैं यह गाड़ी है।”

“जी साहब।”

“गाड़ी है तो चलती क्यों नहीं?”

वहिनींनी कोणाचा तरी डबा भरला, काठोकाठ आलेलं पीठ तळहाताने सारखं केलं, झाकण लावलं.

“पहुँच गई है, साहब।”