नावेवर स्वतःची घेऊन जाताना

नातू पुढच्या महिन्यात क्रूझवर चालला आहे. परवा त्याने फोनवर विचारलं, "आजोबा, जहाजावर आपली वाइनची बाटली नेऊ देतात का हो?" प्रश्न अगदी योग्य माणसाला विचारला. साठच्या दशकात, ऐन दारूबंदीत, मी नावेतून आख्खी घागर नेली होती, तीही पोलिसासोबत. असा प्रवास करू इच्छिणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितो.

प्रवासाचं कारण माझं लग्न. आम्ही बंजारे. सोयरीक पक्की करताना मुलाकडच्यांनी घरची मोहाची दारू न्यायची आणि मुलीच्या तांड्याच्या नायकाने ती पंचांत वाटायची, अशी आमच्याकडची तेव्हाची रीत. मुलीचा तांडा वर्धा नदीच्या पलीकडे. नायकाचा निरोप स्पष्ट होता : घागर नाही तर सोयरीक नाही. मुलगी मी एकदाच बाजारात लांबून पाहिली होती, आणि तेव्हापासून मला घास गोड लागत नव्हता. नवरदेवाने सोबत जायची पद्धत नव्हती, पण घागर उचलायला कोणीतरी धडधाकट हवंच होतं.

याडीने, म्हणजे माझ्या आईने, घागरीचं तोंड कणकेने लिंपलं. वर आंब्याची पानं, नारळ, भोवती हळदकुंकू आणि खोचलेल्या उदबत्त्या. कोणी विचारलं तर देवीचं पाणी.

पांढरकवड्याहून वणीपर्यंत एसटी. रस्ता असा की घागर मांडीवर धरून मी सारखा देवीचं नाव घेत होतो आणि लोकांना ती भक्ती वाटत होती. कंडक्टरने घागरीला नमस्कार करून आम्हाला पुढची जागा दिली. वणीला भाकर-ठेचा खाऊन घ्यावा, पुढे काही मिळत नाही. तिथून नदीच्या घाटापर्यंत बैलगाडी. नावाड्याला भाड्यापोटी ज्वारीही चालायची.

नावेत बसलो, आणि समोर पोलीस शिपाई! तेवढ्यात नावाड्याने नाक वर केलं. "देवीले मोहाचा वास काहून येऊन राह्यला वो माय?"

"जंगलची देवी हाय," याडी शांतपणे म्हणाली. "तिले का अत्तराचा येईन?"

शिपाई घागरीकडे टक लावून पाहत होता. "मले थोडं तीर्थ देता का?"

"नारळ नायकाच्याच हातानं निंगते. आधी काढला तं कोप होते."

"मंग मी येतो न तांड्यावर," तो म्हणाला.

संपलं, असं मला वाटलं. काठावर उतरताच त्याने बूट काढून माझ्या हातात दिले, टोपी काखेत मारली आणि घागर स्वतःच्या डोक्यावर घेतली. मी काही बोलायच्या आत तो अनवाणी पुढे चालू लागला. होणाऱ्या सासुरवाडीत मी शिरलो तो पोलिसाचे बूट हातात घेऊन. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि त्यात तीही होती.

नायकाने नारळ काढला. शिपायाने ओंजळ पुढे केली, डोळे मिटून तीर्थ घेतलं, हात डोक्यावरून फिरवला आणि पुन्हा ओंजळ पुढे केली. स्वतःच वाहून आणलेल्या मालाला तो काय बोलणार? सोयरीक झाली. येताना बैलगाडीत मी इतका हसलो की याडीने पाठीत धपाटा घातला.

पोलिसाला कसं बनवलं, हे मी तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवत आलो आहे. परवा नातवालाही फोनवर ऐकवलं. फोन ठेवला तर स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

"थ्या शिपायाले माह्या बापूनंच घाटावर पाठवलं होतं. आमच्या तांड्यावरच्या दर सोयरिकीची घागर थोच आणे."

मी खुर्चीतूनच विचारलं, "मंग नावेत तीर्थ कायले मांगत होता?"

"तहान लागली असन."

"इतके वर्स सांगितलं काहून नाही?"

ती हात पुसत बाहेर आली. "तुमी लय आवडीनं सांगत होते," ती म्हणाली, "अन् मले आयकाले आवडे."

ती घागर अजून घरात आहे, आम्ही तिच्यातलं पाणी पितो. नातवाला जहाजाचे नियम नीट वाचायला सांगितलं आहे. आणि आज संध्याकाळी पाहुणे येणार आहेत. बायको म्हणाली, बूट हातात घेतल्यापासून सांगा, मी चहा टाकून येऊन बसते.