‘मांगं धुरा हाय व!’

घटनेचा दिवस — तान्हा पोळा, रविवार, भर दुपार. माझा पहिला अर्ज — त्याच आठवड्यात. स्मरणपत्र — सर्वपित्री अमावास्येला. उत्तर — आजतागायत नाही. जबाबदार व्यक्ती दोन : आमच्या कोंढा गावात ऐकू येणाऱ्या एका एफएम केंद्राचे प्रमुख, आणि तेथे दर रविवारी देशोदेशीचे संगीत लावणारा, स्वतःला डीजे म्हणवणारा तरुण निवेदक.

मी न्यायालयाबाहेर बसून हयातभर लोकांचे अर्ज लिहिले. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. ऐकीव गोष्ट हा पुरावा नव्हे, हे मीच पक्षकारांना बजावत असे. म्हणून आरंभीच स्पष्ट करतो — हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे.

तो कार्यक्रम मी आवडीने ऐकत नव्हतो. जॅझ, सोल, रेगे... धान पिकवणाऱ्या जिल्ह्याला यांचा उपयोग काय, अशी तक्रार मी तयार करत होतो. आणि न ऐकता तक्रार करणे न्यायाला धरून नाही.

माझी पत्नी कांता अंगण सारवत होती. तिचा उजवा कान गेला आहे. डाव्याला अगदी जवळचे तेवढे ऐकू येते, आणि तोही आता फार दिवस साथ देणार नाही, असे डॉक्टर सांगतात.

“रेडिओवरही केस लावता का जी? त्या पोट्ट्यानं काय बिगाडलं तुमचं?”

“तुला ऐकू येत नाही, तू मध्ये बोलू नकोस!” मी ओरडलो. तिने ओठांवरून ओळखले असावे.

“म्हणूनच तं सुखानं जगून राहिली.”

तेवढ्यात एक संथ रेगे सुरू झाले. चिखलातून कोणी पाय उपसावा तसा खालचा ठेका... ओल्या सारवणावर ऊन डोलत होते. मलाही गुंगी आल्यासारखे झाले. आणि त्या ठेक्याखालून, दूरच्या बांधीतून — धानाच्या खाचरातून — यावी तशी, एका बाईची हाक आली —

“कांते, मांगं धुरा हाय व!”

धानाचा रोवणा, रोपांची लावणी, बायका मागे सरकत करतात. मागचा धुरा, म्हणजे बांध, दिसत नाही. कांता लहानपणी हमखास अडखळे, म्हणून तिची आई तिला नाव घेऊन सावध करी. ती माउली आमच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत वारली. तिचा आवाज कुठेही ध्वनिमुद्रित नाही.

मागे सरकत सारवणारी कांता उभी राहिली. तिने टाच उचलली आणि मागे, उंचावर ठेवावी तशी, हवेत ठेवली... क्षणभर ती टाच तेथे टेकली. मी पाहिले.

“आयकलं ना तुमी?” ती म्हणाली. “माय होती.”

माझे ओरडणे जिला ऐकू येत नाही, तिला अंगणात ती हाक ऐकू आली!

मी तत्काळ केंद्राला फोन लावला. निवेदक हसला. “काका, जमैकाचं गाणं आहे ते. बेस आहे तो, बेस!”

“बेस आहे की वाईट, हे मी विचारलेले नाही! बाई कोण होती ते सांगा!”

त्याने गाणे मोबाइलवर पाठवले. तेच गाणे, तोच ठेका. हाक मात्र नाही.

तेव्हापासून दर रविवारी कांता डावा कान रेडिओला टेकवून बसते. सॅक्सोफोन, ढोल, परक्या भाषा — काही सोडत नाही. मी विचारले, “यातले काही समजते का?”

“समजाले कायले पाह्यजे? माय कोणत्याबी गाण्यात येईन.”

माझी मूळ तक्रार मी दाखल केलेली नाही. तो कार्यक्रम बंद पडता कामा नये.

भास म्हणून हे प्रकरण निकाली काढू नये. एकच भास दोघांना एकाच क्षणी होत नसतो. माझ्याजवळ स्पष्टीकरण नाही, हे मी लेखी मान्य करतो. मात्र त्या दुपारी त्यांच्या यंत्रावरून प्रत्यक्ष काय प्रसारित झाले, याचे उत्तर केंद्रप्रमुखांनी द्यावे — मला पत्राने नको, त्याच कार्यक्रमात, सर्वांच्या देखत, मोठ्या आवाजात. आणि माझ्या पत्नीचा डावा कान शाबूत आहे, तोवर द्यावे.