नैरोबीची पेज

आज सकाळी लेकीसाठी नाचणीची पेज ढवळत होते. पेजेचा तो मातकट, किंचित करपट वास आला आणि मी एकदम नैरोबीजवळच्या त्या बालगृहात जाऊन पोहोचले. लग्नाआधी हिंजवडीतल्या कंपनीतून बिनपगारी रजा घेऊन मी तिथे मदतीला गेले होते. "पुण्यातली मुलं संपली का?" एवढंच बाबा म्हणाले होते.

तिथे रोज उजाडताना अशीच पेज शिजायची. मुलं गणवेशाच्या बाहीला तोंड पुसत शाळेकडे पळायची. सहा वर्षांची आकिनी मात्र माझ्या हातची वाटी घ्यायची नाही. मी शेजारी बसले की उठून जायची.

"तिला सोडा," तिथलं सगळं बघणाऱ्या ग्रेसबाई म्हणाल्या. "तुमच्यासारख्या बऱ्याच जणी लळा लावून निघून गेल्या."

तरी मी रोज तिच्याच बाकावर बसत राहिले. एका सकाळी ती उठली नाही. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तू कधी जाणार?"

'मी कुठे जातेय!' असं अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून मी म्हणाले, "पुढच्या महिन्यात."

तिने मान हलवली आणि वाटीसाठी हात पुढे केला.

तेव्हा वाटलं, माझी चिकाटी फळाला आली. आता एका मुलीची आई झाल्यावर कळतं, मी तर परतीचं तिकीट काढूनच बसले होते. जिद्द तिची होती. सगळं माहीत असूनही तिने पुन्हा एकदा कुणाला तरी जीव लावायचं ठरवलं होतं.