जन्माचा दाखला

माझा थोरला चुलतभाऊ आयुष्यभर लंडनमध्ये नोकरी करून निवृत्त झाला. तिथली थंडी सोसेना म्हणून त्याने पोर्तुगालला कायमचं राहायचं ठरवलं. तिथल्या परवान्यासाठी जन्माचा दाखला लागत होता, म्हणून तो सोलापूरला माझ्याकडे उतरला.

"ऊनच हवं तर इथंच राहा की," मी म्हणालो.

"इथं कुणी राहतं का?" माझ्याच घरात बसून तो म्हणाला.

आमच्या मूळ गावी, केमच्या ग्रामपंचायतीत त्याच्या जन्माची नोंदच सापडली नाही. ग्रामसेवकाने जन्माच्या वेळी हजर असलेल्या कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र मागितलं. तसं माणूस एकच उरलं होतं, आमची आत्या. तिचा नवरा गेला तेव्हा ह्या भावाने साधा फोनही केला नव्हता.

आम्ही कागद घेऊन तिच्या घरी गेलो, तर आत्याने त्यातलं काही काढलं नाही. "व्हय, माज्याच हातावर झालाय की ह्यो," म्हणत तिने अंगठा उठवला आणि चहा टाकायला आत गेली. आमच्या लंडनच्या भाऊसाहेबांनी कागद फुंकून वाळवला आणि ती बाहेर यायच्या आत गाडीत जाऊन एसी लावून बसले. दोन्ही कप मीच प्यायलो.

परवाना मिळाल्यावर त्याने मला समुद्रकिनाऱ्यावरचा, नुसत्या चड्डीतला फोटो पाठवला. आत्याला दाखवण्याच्या लायकीचा तो नव्हता. मी पुसून टाकला.