तिसरा बाण

दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्या गावात रावण पेटवायचा मान आमच्या घराचा. चिंधी गुंडाळून रॉकेलमध्ये बुडवलेला बाण पेटवायचा आणि सोडायचा. तीन बाण वाया गेले की मान दुसऱ्या घरी. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तो कधी जाऊ दिला नव्हता. फक्त ते रावणाच्या अगदी पुढ्यात जायचे आणि दोरी अर्धीच ओढायचे. बाण पेंगत पेंगत जायचा. लोक हसायचे, आणि लहानपणी मला आबांची लाज वाटायची.

यंदा लकव्यानं आबांचा उजवा हात गेला आणि धनुष्य माझ्याकडे आलं. मी विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकलेला. वेग, हवेचा विरोध, सगळं कागदावर मांडून बसलो. शहाणपण नुसतं उतू जात होतं. चिंधी कमी, ओढ जास्त आणि नेम लांबून, असं ठरलं.

आबा मैदानाच्या कडेला खुर्चीत होते. सोयाबीनच्या मळणीची धूळ हवेत तरंगत होती, त्या पिवळट उजेडात रावणही झोपाळलेला दिसत होता. पहिला बाण सणकन गेला आणि थेट छातीत रुतला. पण विझलेला. वाटेतल्या हवेनंच जाळ पुसून टाकला होता. दुसऱ्याला मी दुप्पट चिंधी गुंडाळली. जाळ टिकला, पण बाण जडावला आणि अर्ध्या वाटेत मातीत नाक खुपसून पडला.

मी खुर्चीपाशी गेलो. खरं सांगतो, रडू येत होतं.

"लई जोर लावून राहिलास," आबा म्हणाले. आजारानं शब्द सावकाश निघायचे. "जवळ जाय. अर्धीच वढ. जाळाला दमानं न्यावं लागतंय."

"लोक हासतेत, आबा."

"मला हासलेच की. रावण जळाला का न्हाई?"

गेलो जवळ. मागं हशा पिकलाच. दोरी अर्धी ओढून सोडली आणि बाण निघाला, पाण्यातून पोहत गेल्यासारखा. जाळ मागं झुकला, बारीक झाला, निळा झाला, पण विझला नाही. तो बाण कितीतरी वेळ नुसता जातच होता, असं मला अजून वाटतं. मग रावणाच्या पोटात उजेड पडला.

आबांना सोनं द्यायला आलो. आपट्याची पानं त्यांच्या डाव्या हातात ठेवली, पाया पडलो. दरवर्षी ते उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवायचे. यंदा तो मांडीवर पडून होता. मी आणखी जवळ सरकलो आणि डोकं त्या हाताखाली नेलं.