हाक मारून पाहिलेली नावं

माझ्या पहिल्या गोष्टीतल्या साठीच्या म्हातारीला मी जे नाव दिलं होतं, ते आमच्या गावात तेव्हा नुकत्या जन्मलेल्या मुलींना ठेवत. मामंजींनी वही वाचून सासूबाईंच्या हाती परत पाठवली. समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: ही बाई जन्मली तेव्हां हे नाव कोणास ठाऊक होते काय?

मामंजी म्हणजे माझे सासरे. कुंभकोणमच्या कोर्टात ते कारकून होते. पन्नास सालानंतर लगेचच मी लग्न होऊन तिथे गेले, तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते. घराणं मराठ्यांच्या राज्याबरोबर तिकडे उतरलेलं आणि तिथलंच होऊन गेलेलं. उंबऱ्याबाहेर तमिळ, आत मराठी. पण ती मराठी ऐकून कराडजवळच्या खेड्यातून आलेल्या मला वाटायचं की ही माणसं एकमेकांना जुनी पत्रं वाचून दाखवताहेत. "मजला पाणी दे." "तुजला काय हवें." माझं बोलणं त्यांना आडदांड वाटे. म्हणून मी कमी बोलायला लागले, आणि जे आत साठे ते दुपारी वहीत लिहायला लागले.

वही सापडली तेव्हा मी गारठले. चौथीत शाळा सुटलेली मुलगी गोष्टी लिहिते हे कळल्यावर मला माहेरी धाडतील असं वाटलं. माहेर तीन गाड्या बदलून दोन दिवसांवर. मामंजींनी टाक आणि दौत पाठवली. ऱ्हस्व-दीर्घाचा माझा गोंधळ पाहून पुढे पुण्याच्या मासिकाला जाणारी प्रत ते स्वतः लिहून काढू लागले. हे ऋण मी आजही विसरत नाही.

नावं कशी निवडायची तेही त्यांनीच शिकवलं. जन्मभर कोर्टातला पुकारा त्यांच्या कानावर पडलेला. शिपाई व्हरांड्यात येऊन नाव तीनदा पुकारतो. बाहेर शंभर माणसं बसलेली असोत, ज्याचं नाव त्याचीच मान वळते. तिन्ही वेळा कोणी उठलं नाही, तर कागद बाजूला पडतो. गोष्टीतल्या माणसाचंही तसंच, ते म्हणत. मागच्या दारी जाऊन हाक मारून पाहा. मान वळलेली दिसली तर नाव खरं.

मग मी दुपारी विहिरीकडे तोंड करून हाका मारायची. एखाद्या सावकाराला, कुणा नर्सला, पळून गेलेल्या एखाद्या भावाला. भिंतीपलीकडच्या तमिळ शेजारीणबाईंनी, त्यांना सगळे मामी म्हणत, एकदा सासूबाईंना विचारलं, तुमच्याकडे महाराष्ट्रातून किती पाहुणे उतरलेत, आणि जेवायला कुणीच कसं दिसत नाही. सासूबाई म्हणाल्या, ते जेवत नाहीत, नुसतं माझ्या सुनेचं डोकं खातात.

मला दिवस गेले तेव्हा ह्याच सासूबाईंनी मला तिरुक्करुगावूरला गर्भ राखणाऱ्या देवीपुढे नेलं, तिथलं प्रसादाचं तेल घरी आणून स्वतःच्या हाताने पोटाला लावलं. मुलगा झाला. आमच्या गावी आजोबांचं नाव ते गेल्यावर नातवाला ठेवत. इथे आजोबा पाटावर बसलेले असतानाच ठेवलं. मामी म्हणाल्या, आमच्यात नातवाला पेरन म्हणतात, पेर म्हणजे नाव. नाव चालवणारा तो. बारशाला आत्याने त्याच्या कानात ते सांगितलं, आणि त्यानंतर आमच्या घरात ते कुणी उच्चारलंच नाही. मी सासऱ्यांचं नाव कसं घेणार? सासूबाई नवऱ्याचं कसं घेणार? माझ्या यजमानांच्या तोंडून वडिलांचं नाव निघत नसे. मामंजी त्याला 'अरे लहान्या' म्हणत. गुळाच्या डब्याभोवती घुटमळायचा म्हणून मी त्याला मुंगळ्या म्हणायची. खऱ्या नावाने हाक मारायच्या फक्त मामी, भिंतीवरून, आणि तो त्यांच्याकडे बघतही नसे.

अडीच वर्षांचा असताना त्याला घटसर्प झाला. घरातले पुरुष बर्फ आणि औषध शोधायला गेले होते. दवाखान्यात आम्ही दोघीच. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहायला त्याचं नाव विचारलं. मी सासूबाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, त्यांना वाटलं आम्हाला तमिळ कळत नाही. मुलगा माझ्या मांडीवर घरघरत होता आणि आम्ही दोघी बायका गप्प. शेवटी मागून धावत आलेल्या मामींनी नाव सांगितलं. त्या थोड्या वेळाने काही बिघडलं नाही, असं डॉक्टर नंतर म्हणाले. संध्याकाळी त्याचे डोळे फिरले तेव्हा मामी मला म्हणाल्या, नावाने हाक मार ग, वळेल तो. मी मुंगळ्या म्हणाले. मुंगळ्या, मुंगळ्या म्हणत राहिले.

तो गेला.

वर्षभर वही उघडली नाही. मग एक गोष्ट लिहिली. एका घाटावर एक बाई आहे, पाण्यात शिरलेल्या मुलाला ती हाक मारते, आणि तो वळून परत येतो, एवढीच. मुलाला नाव हवं होतं. मी किती नावं काढली आणि खोडली. एकही त्याला बसेना. एका दुपारी टाक आपोआप चालला आणि ते नाव कागदावर उतरलं. पुढे नऊ ठिकाणी उतरलं. मला फक्त एकदा त्याला त्याच्या नावाने बोलवायचं होतं. तोंडाने जमणार नव्हतं, म्हणून कागदावर.

वही नेहमीसारखी मामंजींकडे गेली आणि तीन दिवस आली नाही. यजमानांनी चाळली होती. त्यांनी आईला सांगितलं. सासूबाई भाजी चिरता चिरता माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जित्या माणसाचें नाव पाण्यांत ढकललेंस. तुझा हात कसा धजला?" खरंच, त्या घरात ते नाव आधी मामंजींचंच होतं. ज्यांनी मला लिहितं केलं त्यांचंच मी अमंगळ केलं, आता वही कायमची जाणार, आणि वहीबरोबर मुलगाही दुसऱ्यांदा जाणार, असं धरून मी बसले होते.

चौथ्या दुपारी मामंजींनी मला बोलावलं. मी दाराच्या चौकटीआड उभी राहिले. वही त्यांच्या मांडीवर मिटलेली होती.

ते म्हणाले, "हें नाव हाक मारून पाहिलेंस काय?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"मग खरें कीं खोटें कसें कळावें? जा. मागच्या दारीं जा."

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मामंजींनी हाताने त्यांना थांबवलं.

मी मागच्या दारी गेले. विहिरीवर ऊन होतं, दोरीवर धोतर वाळत होतं. तोंड उघडलं आणि नुसता वारा निघाला. दुसऱ्यांदा पहिलं अक्षर निघालं. तिसऱ्यांदा मी त्याला हाक मारली. पूर्ण नावाने, मोठ्याने, लेकराला जेवायला बोलवावं तशी. भिंतीपलीकडे मामींची बादली थांबली.

विहिरीकडे काहीच हललं नाही.

आणि घरातून, माझ्या पाठीमागून, मामंजींनी ओ दिली. हळूच, लहान मुलाने द्यावी तशी.

सासूबाई येऊन माझ्याजवळ पायरीवर बसल्या. त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि आम्ही दोघी रडलो. एवढ्या दिवसांत एकत्र पहिल्यांदाच.

गोष्ट पुण्याला पाठवताना मी नऊही जागी दुसरं नाव घातलं. कुणी सांगितलं नव्हतं. ते नाव छापायचं नव्हतं मला, हाक मारून झाली होती. मामंजींनी प्रत लिहून दिली, त्या नव्या नावाशी त्यांची लेखणी जराही अडली नाही. संपादकांच्या पोस्टकार्डात होतं की मुलाचं नाव अगदी शोभतं.

मामंजी जाऊन आता खूप वर्षं झाली, सासूबाई त्यांच्यानंतर. ते नाव घ्यायला मला आता अडवणारं कुणी नाही. ओ देणारंही नाही. म्हणून इथेही ते लिहिलेलं नाही.