आक्काची बॅटरी आन माझा गाल

आक्का बॅटरी घिऊन येताना दिसली की मी मेंढरांच्या वाघराआड, त्या जाळीच्या कुंपनामागं, जाऊन बसायची. हसू नका. पन्नाशीची बाई मी, भांडायला उभी ऱ्हायले तर सरपंचाला गप करीन. पन त्या बॅटरीला भ्यायची. माझ्या डाव्या गालात आतनं, दाढंजवळ, पांढरा चट्टा आला व्हता. जिभंला खरखरीत लागायचा, पुसून जात नव्हता. चार म्हयनं झालं, कुनाला बोलले नव्हते.

आक्का म्हंजी रंगुबाई, माझी थोरली जाऊ. आटपाडीच्या पल्याड आमची वस्ती, समदी मेंढरंवाली, आता डाळिंब बी लावत्यात. आक्काच्या हातची मिसरी समद्या वस्तीत जायची. तव्यावर तंबाखू अशी भाजायची, की जळायची न्हाई आन कच्ची बी ऱ्हायची न्हाई. मग वाटून डबीत. सकाळी बाया दारात उकिडव्या बसून बोटानं दात घासायच्या आन घटकाभर तशीच तोंडात धरायच्या. तीच आमची बोलायची येळ. मी सोळा वर्साची नवी नवरी व्हते, दाढ ठणकाया लागली, तवा पयली चिमूट आक्कानंच लावली. म्हनली, "धर दाढंखाली, गप पडंल." पडली की गप! आत दाढ किडत ऱ्हायली आन आमाला वाटलं बरी झाली. पुढं मग दिसातनं पाच-पाच येळा लागाया लागली.

दोन वर्सामागं आक्काच्याच गालात चट्टा निघाला. मिरजंला न्हेलं. तुकडा काढून तपासला, तर कॅन्सरची सुरुवात. गाल आतनं कापला, शिवला. डाक्टरीनबाई म्हनल्या, "आजी, येळंत आलासा म्हनून वाचलासा." घरी आली आन मिसरीचा तवा भंगारवाल्याला दिऊन टाकला.

तवापास्नं ही बाई पिसाळली. दर आयतवारी बॅटरी घिऊन घरोघर. "आ कर." ओठ उलटा करायची, गाल ताणायची, जीभ वर उचलायला लावायची. चट्टा पांढरा असू दे न्हाईतर तांबडा, पंधरा दिसात गेला न्हाई की डाक्टर. पोरांना ब्रश आनले, झोपताना सुदीक घासायला लावायची. जेवल्यावर चूळ भरली न्हाई तर पाठीत धपाटा. "दुखायच्या आधी दाखवायचं असतंय तोंड," असं सारखं घोकायची. बाया माघारी म्हनायच्या, म्हातारी खुळी झाली. त्यात समद्यात मोठ्यानं मीच म्हनायची.

दिवाळीआधी एक दिस दोघी भाकरी-खर्डा खात बसलेलो. घास गालात गेला आन अशी आग झाली, की डोळ्यांतनं पानीच आलं. आक्काचा हात थांबला.

"आ कर, बायडे."

"काय न्हाई गं, मिरची लागली."

"आ कर म्हनते न्हवं!"

तिनं बघितलं. एरवी शिव्यांचा पट्टा सोडनारी बाई, तिनं नुसता माझा गाल सोडला आन ताट बाजूला सारलं. शिव्या तरी दे गं बाई, असं झालं मला. मग म्हनली, "उद्या पयल्या गाडीनं मिरज."

डाक्टरीनबाईंनी तुकडा काढला, टाका घातला, आठ दिसांनी या म्हनल्या. ते आठ दीस मी कसं काढलं माझं मला ठावं. भाकरी तव्यावर करपायची आन मी जिभंनं टाका चाचपत बसायची. नातीचा, प्रांजलचा, मुका घ्यायला बी भ्यायची. एकाचं दुसऱ्याला लागत न्हाई, असं बाईंनी सांगितलेलं. तरी भ्यायची. आपलं तोंड वाकडं झालंय, पानी गालातनं गळतंय, असं दिसाढवळ्या दिसायचं.

रिपोर्टच्या दिवशी आक्का दवाखान्याच्या बाकड्यावरनं उठंचना. "तू जा. माझ्यानं ऐकवायचं न्हाई." मला आधार द्यायला आलेली बाई ती! मी एकलीच आत गेले.

"कॅन्सर न्हाई," बाई म्हनल्या. "पन मावशी, ही त्याचीच वाट हाय. मिसरी आजपास्नं बंद. किडकी दाढ काढायची. आन दर तीन म्हयन्यानं तोंड दाखवायचं."

भाईर आले तर आक्का डोळं मिटून बसलेली. मी जवळ गेल्यालं तिला कळलं, पन डोळं उघडलं न्हाईत. "पयली चिमूट म्याच लावली तुला," म्हनली. "काय असंल ते सांग, बायडे. माझं पाप हाय."

"न्हाई गं कॅन्सर, म्हातारे!" मी वरडलेच. समदा दवाखाना बघाया लागला. आक्का पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली. मी बी रडले. मग तिनं डोळं पुसलं आन माझ्यापुढं हात पसरला.

"डबी."

"कसली डबी?"

"कंबरंला खोचलीयास ती."

मला वाटलं व्हतं, कुनाला ठावं न्हाई. त्या आठ दिसांत, मरनाची भीती घिऊन फिरताना सुदीक, मी चोरून भाजलेली मिसरी सोडली नव्हती. टाक्याला झोंबू नये म्हनून उजव्या गालात धरायची. त्या सकाळी एस.टी.त बसताना बी लावलेली.

डबी काढून मुठीत धरली. आक्काचा हात तसाच पुढं. सांगायला लाज वाटती, पन ती मूठ उघडायला मला लय येळ लागला.